फळीखालचा कोंबडा

१

पहाटे मला जाग येते ती वयाने. कोंबडा नंतरचा. आधी मी जागा होतो आणि अंथरुणात पडून ऐकत राहतो. माझा मुलगा चंदर भिंतीकडे तोंड करून घोरत असतो. पलीकडे सगुणा, माझी सून. तिच्या उशाशी आढ्याला बांधलेली साडीची झोळी, आणि झोळीत आमची प्रेमा, अजून दात न आलेली. बाहेर डोंगराकडून गार वारा येत असतो, आणि परसदारी कोणीतरी खराट्याने झाडत असतं. खर्र, खर्र, खर्र. घाई नाही की थांबणं नाही.

मला ते ऐकून बरं वाटायचं. आपल्याआधी कोणीतरी उठून कामाला लागलंय म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

मग कोंबडा आरवायचा. झाडणं थांबायचं. मी उठून स्टोव्ह पेटवायचो.

आमची बैठी चाळ मुलुंडला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या आणि शेजारच्या भाऊरावांच्या खोलीमागे मिळून एकच परसदार. मध्ये नावाला पत्र्याचा आडोसा. एक जंगली बदाम, एक धुण्याचा दगड, कडेला माझं खुराडं. बदामाची पानं दिवसरात्र पडतात. ती झाडायचं काम शांताबाई करतात, भाऊरावांच्या घरच्या, असं मी धरून चाललो होतो. कधी विचारलं नाही. कशाला विचारायचं?

कोंबडा मी हौसेने पाळलेला नव्हता. तो बोललेला कोंबडा होता. सगुणेची कूस दोनदा रिकामी झाली होती, तेव्हा मी गावच्या राखणदार देवाला नवस बोललो, पोर नांदू दे, तुला कोंबडा देईन. आमच्या घराण्यात बोललेला कोंबडा ज्या पोरासाठी बोलला त्याच्या घरचा दाणा खाऊन वाढवतात आणि देवदिवाळीला गावी नेऊन देतात. तोवर तो कापायचा नाही, विकायचा नाही, कोणाला द्यायचाही नाही. म्हणून तो मी गावाहून एसटीने मुंबईला आणला. पोर जन्मली, कोंबडाही तुरेबाज झाला. सगळं नीट चाललं होतं.

भाऊरावांची कंपनीत रातपाळी लागली आणि घोटाळा झाला.

"दत्तारामबाबा," ते एका सकाळी आडोशापलीकडून म्हणाले, डोळे नुसते लाल, "तुमच्या कोंबड्याला माझी ड्युटी कळते."

"त्याला काय कळतंय हो."

"कळतं! मी घरी येऊन आडवा झालो रे झालो की हा सुरू. सुट्टीच्या दिवशी बघा, गप गुमान. मॅनेजमेंटचा माणूस आहे तो."

मी हसलो. शांताबाई हसल्या नाहीत. भाऊराव आत गेल्यावर म्हणाल्या, "बाबा, मस्करी राहू द्या. काल मशीनवर उभ्या उभ्या पेंगले. एखाद्या दिवशी हात जाईल त्यांचा. तुम्ही जुने माणूस, मी काय बोलू."

चंदर जेवताना म्हणाला, "बाबा, तू त्या कोंबड्याचं काहीतरी कर ना. भाऊराव आपलाच माणूस आहे. तो बोलत नाही, दुसरा कोण असता तर कधीच मान पिरगाळली असती."

"बोललेला आहे तो, झिला."

"मग त्याला सांग ना, जरा हळू बोल."

२

गावाहून आणताना तो वाटभर आरवला नव्हता. मला ते आठवलं. बुटकी करंडी होती, वर झाकण बांधलेलं, त्याची मान वर होत नव्हती. कोंबड्याला आरवायचं तर आधी उभं राहून मान ताणावी लागते. मान वर गेली नाही तर आवाजही येत नाही.

मी सफरचंदाचा एक देवदारी खोका घेतला आणि आत आडवी फळी ठोकली. खाली त्याला बसता येईल, दाणा टिपता येईल, वळता येईल, फक्त मान वर नेता येणार नाही, इतक्या उंचीवर. वरून गोणपाट टाकलं. संध्याकाळी त्याला आत घातला. त्याने एकदा फळीला डोकं लावून बघितलं, मग तो खाली बसला. मला वाईट वाटलं. पण माणसाच्या हातापेक्षा कोंबड्याची मान मोठी नाही. देवदिवाळीपर्यंतच तर काढायचं होतं.

पहाटे जाग आली. परसदारी झाडणं चाललं होतं. कोंबडा आरवला नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

झाडणं चालूच राहिलं.

मी वाट बघत पडून राहिलो. कशाची, ते आधी कळेना. मग कळलं. रोज कोंबडा आरवला की ते थांबतं, तसं आज थांबलं नव्हतं. खिडकीत करडा उजेड आला, दूधवाल्याची सायकल वाजली, तेव्हा कुठे ते हळूहळू बंद झालं.

उठून मागचं दार उघडलं. बदामाची पानं अंगणभर पडलेली होती, रात्रभराची, तशीच. एकही हललेलं नव्हतं.

मला वाटलं, शांताबाईंनी नुसतं त्यांच्या बाजूचं झाडलं असेल. आडोशावरून बघितलं. तिकडेही पानं.

मी खाली बसून एक पान उचललं. पानाखाली मातीवर रेघा होत्या. खराट्याच्या रेघा मला माहीत आहेत, जाड, तुटक. या बारीक होत्या आणि लांब, एकीला लागून एक, माती विंचरल्यासारख्या. सगळीकडून निघून त्या आमच्या दाराकडे आल्या होत्या. पानं त्यांच्यावर पडली होती.

शांताबाई भांडी घेऊन बाहेर आल्या. "काय बाबा, झोप कशी लागली आज! सोन्यासारखे झोपलेत हे."

"शांताबाई, पहाटे झाडता ते तुम्हीच ना?"

"मी? मी उठते उजाडल्यावर, आणि झाडते भांडी झाल्यावर." त्यांनी भांडी दगडावर ठेवली. "मी म्हणते पहाटे तुमची सगुणा झाडते. बाळंतीण पोर, एवढ्या पहाटे, म्हटलं सांगावं एकदा दत्तारामबाबांना. ती नाही?"

"तीच असेल," मी म्हटलं.

३

ती नव्हती. मी तिला विचारलंही. तिने माझ्याकडे बघितलं आणि प्रेमाच्या तोंडाला लागलेलं दूध पदराने पुसत राहिली.

"बाबा, मला वाटायचं तुम्हीच झाडता," ती म्हणाली. "पोर घरी आल्यापासून ऐकते मी."

मी म्हातारा झालो तरी खुळा झालेलो नाही. मी हिशेबाने विचार केला. डोंगरातून काय काय खाली येतं, घुशी, मुंगसं. घूस माती उकरते. वाऱ्याने सुकं पान पत्र्यावर घासलं तरी असाच आवाज येतो. आणि कोंबडा आरवल्यावर थांबणं, ते काय, कोंबड्याच्या आवाजाने घूसही पळते. हे सगळं पटण्यासारखं होतं. दिवसभर पटलंही.

पण पुढे रोज ते आणखी उशिरापर्यंत चालायला लागलं. आधी दूधवाल्यापर्यंत, मग माझा चहा होईपर्यंत, मग कंपनीचा भोंगा झाल्यावरही. भोंग्याला ते बिचकत नव्हतं. लोक उठलेले, नळावर बादल्यांची भांडणं चाललेली, कोणाच्या तरी रेडिओवर भक्तिगीतं, आणि त्या सगळ्याखाली, नीट कान दिला तर, खर्र, खर्र. आता ते बदामाखाली नव्हतं. दाराशी होतं. उंबऱ्याबाहेर, लाकडाला लागून, पुढेमागे.

मी दार उघडलं की बंद. दार लावलं की चालू.

"उंदीर आहे," चंदर शर्ट घालताना म्हणाला. "औषध आणतो संध्याकाळी."

"तुला ऐकू येतंय ना पण?"

"येतंय म्हणून तर म्हणतो ना, उंदीर आहे." त्याने बटणं चुकीची लावली होती. मी सांगितल्यावर त्याने ती सगळी काढून पुन्हा लावली आणि माझ्याकडे न बघता कामाला गेला.

त्या दिवशी मोरीत रेघा दिसल्या. आमची मोरी मागच्या दाराच्या आत आहे. ओल्या फरशीवर राख सांडली होती, भांड्यांची. राखेत बारीक, लांब, विंचरलेल्या रेघा, आणि त्यांची टोकं खोलीच्या दिशेला. मी पाणी ओतलं. सगुणा मागे उभी होती हे मला माहीत नव्हतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "पोर आता वर बघत नाही. मी झोळीवर वाकले तरी माझ्याकडे बघत नाही. झोळीच्या कडेवरून खाली जमिनीकडे बघते. आणि हसते."

४

मी सरळ जाऊन गोणपाट काढलं आणि फळी उचकटली. खिळे हातात आले. म्हटलं, भाऊरावांच्या पाया पडेन, पण तू आरव बाबा.

कोंबडा बाहेर आला आणि उन्हात उभा राहिला. मान तशीच, खांद्यात ओढलेली, चोच जमिनीकडे. मी त्याच्यासमोर दाणे टाकले, त्याने खाल्ले. दाणा उंच धरला तर त्याने वर बघितलंच नाही. मी बोटाने हळूच त्याची हनुवटी वर उचलली. मान गेली वर, दुखलंबिखलं काही नाही. बोट काढलं तशी पुन्हा खाली आली.

"अहो बाबा!" भाऊराव आडोशापलीकडून आले. डोळ्यांतली लाली गेली होती त्यांची, चेहऱ्यावर तजेला आला होता. हातात ज्वारीची पुडी. "हे तुमच्या साहेबांना. गावची आहे. त्यांनी एवढी कृपा केली आमच्यावर."

"भाऊराव, हा आरवला तर चालेल का तुम्हाला?"

"आता काय मस्करी करता?"

"मस्करी नाही. आरवायला पाहिजे तो."

त्यांनी माझा चेहरा बघितला आणि पुडी दगडावर ठेवली. "तब्येत बरी आहे ना बाबा?" असं विचारून ते झोपायला गेले.

दुसऱ्या पहाटे मी कोंबड्याला मांडीवर घेऊन बसलो. उजाडलं, ऊन आलं, आणि तो डोळे उघडे ठेवून गप्प बसून राहिला. चंदरने बाजारातून दुसरा कोंबडा आणला. स्वतःहून आणला, कशाला आणला ते बोलला नाही. बाजारात तो गळा काढून ओरडत होता म्हणे. परसदारी त्याचे पाय सोडले, तो दोन पावलं चालला, थांबला, आणि त्यानेही मान खाली घातली.

चंदर बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्यानंतर तो उंदीर हा शब्द बोलला नाही.

५

ते झालं ते भर उजेडात. चंदर कामावर गेला होता. सगुणा नळावर होती. तिला म्हटलं होतं, पोरीला घेऊन जा, पण ती झोपली होती आणि बाहेर ऊन कडक होतं. मी पुढच्या दारात उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होतो. पाठीमागे झोळी, माझ्यापासून चार हातांवर. समोर पोरं लगोरी खेळत होती. कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

खर्र.

मी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

खर्र, खर्र.

मोरीतून येत होतं. मग मोरीतून येईना. जवळ आलं. मी स्वतःला सांगितलं, दत्ताराम, वळून बघ. घूस असेल तर हाकलशील. वळून बघण्यापेक्षा तांदूळ निवडणं सोपं होतं. मी आणखी एक खडा काढला. तो खडा नव्हता, तांदूळच होता.

झोळीची दोरी कुरकुरली. कोणी झोका दिल्यासारखी नाही, पोर एका बाजूला कलल्यावर कुरकुरते तशी. आणि प्रेमा हसली. खुदकन.

मी वळलो.

झोळीच्या सावलीत कोणीतरी वाकलं होतं. उंचीला माझ्या गुडघ्याएवढं, वाकलेलं म्हणून तेवढं. पाठ दिसली. मान खाली, अगदी खाली, वर फळी असावी तशी. हात होते की नव्हते मी बघितलं नाही, कारण मी खराटा शोधत होतो. खराटा नव्हताच. डोकं पुढेमागे होत होतं आणि केस फरशीवरून ओढले जात होते. काथ्यासारखे. खर्र, खर्र. झोळीच्या अगदी खाली, गोल गोल, जागा साफ करावी तसं.

प्रेमाची मूठ झोळीबाहेर लोंबत होती, उघडत होती, मिटत होती.

मला देवाचं नाव घ्यायचं होतं, ते आलं नाही. ताट मांडीवरून पडलं, तांदूळ सगळीकडे उडाले, तरी ते थांबलं नाही. कशाने थांबतं ते मला ठाऊक होतं. जगात तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती.

मी उभा राहिलो, मान ताणली आणि आरवलो.

"कुकूऽऽच कूऽऽ!"

समोरची पोरं हसायला लागली. मी पुन्हा आरवलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आवाज थांबला. डोकं पुढेमागे व्हायचं थांबलं. केस फरशीवर निश्चल पडले होते.

मग त्यांची टोकं फरशीवरून उचलली जायला लागली. हळूहळू. जरासं.

मी ते पुरतं होऊ दिलं नाही. पळत जाऊन झोळीतून पोर काढली आणि वळून न बघता बाहेर आलो. सगुणा रिकामी बादली घेऊन धावत येत होती. तिने मला काहीही विचारलं नाही. पोर ओढून घेतली आणि तिथेच, रस्त्यात, मातीत बसली.

६

तेव्हापासून मी रोज पहाटे परसदारी उभा राहून आरवतो. चाळीत सगळ्यांना ठाऊक झालंय. नळावर बायका सगुणेला विचारतात, "काय गं, तुझे सासरे अंडीपण देतात का?" पोरं माझ्या मागून डोक्यावर हाताचा तुरा करून चालतात. मला काही वाटत नाही. आरवलं की ते थांबतं, आणि त्या दिवशी घरात येत नाही. देवदिवाळी अजून लांब आहे. आता गावी काय न्यायचं ते मला कळत नाही. बोललेला कोंबडा बदामाखाली मान खाली घालून बसलेला असतो, त्याच्या शेजारी दुसरा.

एका गोष्टीचं नवल वाटायचं. मी आरवतो ते नेमकं भाऊरावांच्या झोपायच्या वेळेला, पण ते कधी एक शब्द बोलले नाहीत.

मग मला पडसं झालं. घसा पार धरला. पहाटे उभा राहून मान ताणली तर आतून नुसती फुसफुस आली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा थोडा सूर लागला, आमच्या दाराशी चाललेलं खर्र खर्र अडखळलं आणि थांबलं. मी दगडावर बसलो. अंग घामाने भिजलं होतं.

आडोशापलीकडे कोणीतरी उभं होतं. भाऊराव. कंपनीचे कपडे अजून अंगावर, हातात डबा तसाच.

"बाबा," ते म्हणाले, "आवाज बसलाय का आज?"

"हो."

"आमच्यापर्यंत पोचला नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या दाराकडे बघत होते. "रोज पोचतो. आज नाही पोचला. शांता खाटेवर पाय वर घेऊन बसलीय. खाली चाललंय अजून."

आता दोघांनाही ऐकू येत होतं, त्यांच्या दाराच्या आतून, संथ.

"जरा मोठ्याने बाबा. एकदाच."

मी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

भाऊरावांनी डबा खाली ठेवला. आडोसा ओलांडून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, एवढा दांडगा माणूस. "कसं करता?" त्यांनी विचारलं. "मला दाखवा."

मी त्यांच्या हनुवटीखाली बोट लावलं आणि मान वर केली. म्हटलं, पोटातून.

पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट आला, मोठा, डोंगरावर आपटून परत येईल असा. चाळीत कोणाची तरी खिडकी उघडली आणि बंद झाली. भाऊरावांच्या दारामागचा आवाज थांबला.

"थांबलं," ते म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "बाबा, थांबलं हो!" आणि ते हसायलाच लागले, लहान मुलासारखे. "एवढंच ना? करीन की मी. रोज करीन. तुम्ही झोपा आता खुशाल."

मी मान हलवली. त्यांचं दार समोर अर्धवट उघडं होतं आणि त्यांची पाठ दाराकडे होती. माझं तोंड दाराकडे होतं, म्हणून मी खाली मातीकडे बघत राहिलो. थांबतं तेव्हा ते मान वर करायला लागतं, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त वर करतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.